टेलची पाळी

आमच्याकडं माणसाला गाव नंतर विचारतात. आधी विचारतात, कुठल्या चारीवर? चारी सांगितली की लगेच पुढचा प्रश्न येतो, हेडला का टेलला? कॅनॉलमधून चारी जिथं फुटते तिथं ज्याचं रान, तो हेडवाला. चारी जिथं संपते, खरं तर जिथं मरते, तिथं ज्याचं रान, तो टेलवाला. हेडवाला त्याच्या उसावरून ओळखू येतो. टेलवाला तोंड उघडलं की ओळखू येतो, कारण तो आधी भांडतो आणि मग नाव सांगतो.

मी टेलची आहे. निमगाव केतकीच्या बाजूला आमची वस्ती, आणि वस्तीच्या पुढं चारीच नाही. हे आधीच सांगितलेलं बरं, म्हणजे पुढं माझा आवाज चढला तर कुणाला नवल वाटायला नको.

कॅनॉलला पाणी सुटलं की ज्याची त्याची पाळी ठरलेली असते. पाटकरी, म्हणजे चारीची दारं उघडणारा-लावणारा माणूस, येऊन सांगून जातो की तुमची पाळी अमक्या दिवशी. मग घरात, एसटीत, लग्नाच्या मांडवात सगळीकडं तेच बोलणं. पाळी आली का? पाळी लांबली. औंदा पाळी चुकली, मका वाळली. बायकांच्या त्या चार दिवसांनाही पाळीच म्हणतात, पण कुठली पाळी कुठं बोलली जातेय हे ऐकणाऱ्याला आपोआप कळतं. माझे वडील अंगणात उभे राहून शेजाऱ्याला ओरडून विचारायचे, "तुमची पाळी कवा हाय?" आणि शेजारीणबाई तितक्याच जोरात उत्तर द्यायच्या. कुणी हसल्याचं मला आठवत नाही.

या सगळ्या पद्धतीला शेजपाळी म्हणतात. तिचा एक नियम आहे, आणि तो मला लहानपणापासून फार आवडतो. पाणी आधी टेलला द्यायचं. टेल भिजली की मग वर वर सरकत शेवटी हेडला. कारण उघड आहे, हेडला आधी दिलं तर खाली थेंब पोचत नाही. नियम असा आहे. प्रत्यक्षात काय होतं ते पुढं येईलच.

बारामतीच्या एका कॉलेजात मी कॉम्प्युटर शिकवते. शिकवता शिकवता पीएचडी चाललीय. विषयाचं नाव लांबलचक आहे, पण साधं सांगायचं तर कॉम्प्युटरच्या वर्गात कोण येतं, आल्यावर कोण टिकतं, आणि जे जातात ते का जातात, एवढंच मला शोधायचंय. स्टाफरूममध्ये हे सांगितलं की कुणीतरी हमखास म्हणतं, "मॅडम, यात संशोधन कसलं? ज्याला येतं तो टिकतो, ज्याला येत नाही तो जातो." हे वाक्य ऐकलं की माझ्या डोक्यात तिडीक जाते. अहो, येतं म्हणजे काय आभाळातून येतं? कुणाच्या घरी तो दहा वर्षांचा असल्यापासून लॅपटॉप आहे, आणि कुणी पहिल्यांदा माउस हातात धरला तो कॉलेजात. दोघांना एकाच दिवशी एकच प्रोग्राम लिहायला लावायचा आणि वर म्हणायचं, ज्याला येतं तो टिकतो!

मी स्वतः पुण्यात शिकले. तिथं तोंडी परीक्षेत एका बाईंनी मला विचारलं होतं, तुम्ही कुठल्या? मी म्हटलं, इंदापूरकडची. त्या म्हणाल्या, तसं नाही, म्हणजे नक्की कुठल्या? त्यांना माझं गाव नको होतं, दुसरंच काहीतरी हवं होतं, आणि मला ते कळलं. मी म्हटलं, टेलची. त्यांना काही समजलं नाही. मला मात्र बरं वाटलं, आणि आजही आठवलं की बरं वाटतं.

तर पीएचडीसाठी मी गेल्या वर्षी आमच्याच लॅबमध्ये मागं बसून बघायला सुरुवात केली. प्रात्यक्षिक आमचे विभागप्रमुख घ्यायचे. सर माणूस वाईट नाहीत. वाईट असते तर भांडायला सोपं गेलं असतं. ते प्रात्यक्षिक सांगायचे आणि मग मुलांच्या अडचणी सोडवायला पहिल्या रांगेपासून निघायचे. पहिल्या रांगेत बारामती शहरातली मुलं. त्यांच्या अडचणी मोठ्या रसाळ असायच्या, सरांनाही त्यात गोडी वाटायची. दुसऱ्या रांगेपर्यंत येईतो निम्मा तास सरलेला असायचा. शेवटच्या रांगेत जुने कॉम्प्युटर, स्पेसबार दाबला की दाबलेलाच राहणारे, आणि तिथं बसायच्या लांबच्या गावांहून एसटीनं येणाऱ्या मुली. एसटीला उशीर झाला की पुढच्या जागा भरलेल्या असायच्या, आणि एसटीला उशीर रोजच व्हायचा. सर तिथं पोचेपर्यंत घंटा व्हायची. मग सर लांबूनच विचारायचे, "मागं काही अडचण?" आणि मागून सगळ्या एका सुरात म्हणायच्या, "न्हाय सर."

त्यातली एक पोरगी आमच्याच चारीवरची. आमच्या वस्तीपासून हाकेच्या अंतरावर तिचं घर. वर्गात बोलायची नाही, पण मी मागं बसायचे म्हणून मला दिसायचं, हिचा प्रोग्राम चालायचा. चालला की ती इकडंतिकडं बघायची, कुणी बघितलं नाही हे पाहून तो पुसायची आणि पुन्हा लिहायची. मी एकदा विचारलं, पुसतेस कशाला गं? म्हणाली, "पुन्यांदा येतोय का बगायला."

सहामाहीला प्रत्येकानं एकेका विषयावर वर्गापुढं उभं राहून बोलायचं होतं. त्याचे गुण धरले जाणार होते. तिच्या वाट्याला आला तो असा विषय: कॉम्प्युटरचा मेंदू एकच आणि कामं ढीगभर, तर वेळ कसा वाटायचा. एक पद्धत अशी की प्रत्येक कामाला थोडा थोडा वेळ द्यायचा, वेळ संपला की त्यानं रांगेत मागं जायचं, पुढच्यानं यायचं. फिरत राहायचं.

तिनं सुरुवात इंग्रजीत केली. चार वाक्यं पाठ होती तेवढी झाली, आणि पाचव्याला ती थांबली. सर म्हणाले, "मराठीत सांग, चालेल." सरांचं मन चांगलंच होतं. तिनं श्वास घेतला आणि तिचा चेहरा एकदम मोकळा झाला. तिला वाटलं, हे तर आपल्याला ठाऊकच आहे.

"म्हंजी प्रत्येकाची पाळी आसती," ती म्हणाली. "पाळी आली की तेवढ्या टायमात काम करून घ्यायचं. आन पाळी चुकली की मग पुढच्या पाळीपातुर थांबायचं."

पहिल्या बाकावरचा एक पोरगा फिस्सकन हसला. मग त्याच्या शेजारचा. मग काय, सगळा वर्गच. पाळी चुकली म्हटल्यावर शहरातल्या पोरांच्या डोक्यात एकच अर्थ येणार, आणि तो आला. मुलीसुद्धा तोंडावर ओढणी धरून हसल्या. ती उभी राहून बघत होती, आपण काय बोललो ते तिला कळत नव्हतं. मग कळलं. तिच्या चेहऱ्यावर ते कळताना मी बघितलं, आणि माझ्या अंगाची लाही लाही झाली. मी मागून ओरडले, "गप बसा सगळे!" सगळे गप झाले. गप झाल्यावर ती आणखीच एकटी पडली.

सरांचेही ओठ हलत होते. ते सावरून म्हणाले, "बाळ, दुसरा एखादा शब्द नाही का?"

ती म्हणाली, "न्हाय सर." आणि जाऊन बसली.

त्या दुपारीच वर्गाच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर कुणीतरी कॅलेंडर टाकलं आणि खाली लाल थेंब. पुढच्या दिवशी ती आली नाही. त्याच्या पुढच्याही दिवशी नाही. शेवटच्या रांगेत तिच्या कॉम्प्युटरवर दुसऱ्याच कुणीतरी दप्तर ठेवलं.

मी सरांकडं गेले. म्हटलं, तिला पुन्हा बोलायची संधी द्या. सर लगेच कबूल झाले. महिनाअखेरपर्यंत मुदत देतो म्हणाले, पण त्यात ती बोलली नाही तर विषय गेला, आणि विषय गेला तर वर्ष गेलं. मला ठाऊक होतं, आमच्याकडच्या पोरीचं एक वर्ष गेलं म्हणजे काय होतं. घरचे म्हणतात, बास झालं आता, जवळच कुठंतरी बीए कर. आणि बीएला नाव घातलं की स्थळं यायला लागतात.

"फक्त तिला एवढं सांगा," सर म्हणाले, "पाळी नको, टर्न म्हण. एका शब्दाचा तर प्रश्न आहे. विषय संपला."

एका शब्दाचा! "सर, टर्न म्हटलं की तिला ते पाठ करावं लागतं," मी म्हटलं. "पाळी म्हटलं की तिला ते येतं. स्टाफरूममध्ये तुम्ही सगळेच म्हणता ना, ज्याला येतं तो टिकतो?"

सर हसले. "मॅडम, तुम्ही प्रत्येक गोष्टीत भांडण शोधता."

शोधत नाही हो. ते माझ्या उंबऱ्यातच बसलेलं असतं.

रविवारी स्कूटी काढली आणि सरळ तिच्या घरी गेले. घराला कुलूप. मागच्या रानातून फावड्याचा आवाज आला. गेले तर ही मक्यात दारं धरत होती. सलवार गुडघ्यापर्यंत खोचलेली, पाय चिखलात. नेमकी त्या दिवशी त्यांची पाळी होती. एक सरी भरली की चिखलाचा बांध मोडायचा, पाणी पुढच्या सरीत सोडायचं, मागची दाबायची. वरच्या टोकाला तिची आई होती. मला बघून पोरगी चपापली.

"मॅडम, चपला काढा, राड हाय," एवढंच म्हणाली, आणि काम थांबवलं नाही. पाणी थांबत नसतं, मग माणसानं थांबून कसं चालेल? मी चपला काढून बांधावर उभी राहिले.

"कॉलेजला का येत न्हाईस?" माझं बोलणं लगेच घरच्या वळणावर गेलं.

"मला न्हाय जमत ते."

"खोटं बोलू नगंस. तुला जमतं. मी बघितलंय."

ती फावडं टेकून उभी राहिली. "मॅडम, मी सगळ्या पोरांम्होरं घाण बोलले. मला कळलंच न्हाय."

आता मात्र माझा तोल गेला. "घाण? आगं, तुझ्या आजीनं, माझ्या आजीनं जन्मभर हाच शब्द घेतला. पाळी न्हाय म्हणायचं तर काय म्हणायचं? त्यांच्या डोक्यात घाण हाय, तू कशापायी धुतीस? आन दुसरी पाळी तरी घाण कशी? ती न्हाय आली तर ह्यातला एक बी पोरगा जलमाला आला नसता!"

वरच्या टोकाला तिची आई खळखळून हसली. पोरगीही हसली, पण थोडंच. मी जोरात होते. म्हटलं, तू ये, आणि वर्गापुढं उभी राहून पुन्हा पाळीच म्हण. टर्नबिर्न काही नाही. तोंडावर मार त्यांच्या.

तिनं माझ्याकडं नीट बघितलं. "मॅडम, ह्ये भांडण तुमचं हाय का माझं?"

मला गप्प करणारी माणसं फार नाहीत.

"तुमाला लई बोलता येतं," ती म्हणाली. "तुमी तितं मागं बसणार. उभं मला ऱ्हायचंय."

तेवढ्यात पाणी बारीक झालं. सरीत येता येता धार करंगळीएवढी झाली आणि मग नुसता ओलावा राहिला. अजून निम्म्या सऱ्या कोरड्या होत्या. चारीवरून तिचे वडील आले. ते माझ्या वडिलांचे विद्यार्थी. माझे वडील इथल्याच शाळेत मास्तर होते. मला बघून म्हणाले, "मास्तरांची लेक न्हवं का तुमी?" आणि मग बायकोकडं वळून, "वरच्यांनी दार उचललं. भांडून आलो. म्हणं, आमची मोटार जळलीय, आमाला नड हाय."

"तात्या, पाळी तर तुमची आहे ना?" मी विचारलं.

"पाळी आमचीच हाय की," ते म्हणाले. "पाणी त्येंचं हाय."

त्यांनी ते रागानंही म्हटलं नाही. रोज म्हणायचं तसं म्हटलं. पोरगीनं फावडं खांद्यावर टाकलं आणि कोरड्या सऱ्यांकडं बघत उभी राहिली. जाताना मी तिला एवढंच म्हटलं, "तू ये. कुठला शब्द घ्यायचा ते तुझं तू ठरव. टर्न म्हण, न्हाय तर अजून काय म्हण. मी मधे पडणार न्हाय." तिनं येते असं म्हटलं नाही. पण तिचे वडील म्हणाले, "बुधवारपातुर ऊन पडू द्या, रान वापशावर आलं, पाय रुतायचा थांबला की हिला लावून देतो."

येताना निमगावच्या बाजारापाशी स्कूटी थांबवून चहा घेतला, आणि तिथं माझी ट्यूब पेटली. पाळी आमची, पाणी त्यांचं. अगं बाई, मी महिनोन् महिने लॅबमध्ये मागं बसून दुसरं काय बघत होते? तास सगळ्यांचा असतो आणि सर पहिल्या रांगेत संपतात. मागच्या रांगेला शिकायची पाळी रोज असते, फक्त पाणी येत नाही. आणि मग आम्ही निष्कर्ष काढतो, मुलींना या विषयात रस नाही! जी सरी भिजलीच नाही तिला म्हणायचं, तुला उगवायची हौस नाही.

पुढच्या आठवड्यापासून मी सरांकडून प्रात्यक्षिकाचे तास मागून घेतले. सरांना बरंच वाटलं, त्यांना परीक्षेची कामं होती. मी प्रात्यक्षिक सांगितलं, आणि सरळ शेवटच्या रांगेकडं गेले. तिथल्या एकेकीपाशी बसले. "न्हाय मॅडम, काही अडचण न्हाय" असं म्हणाली की मी म्हणायचे, असंल की, दाखव तर खरं. अडचणी भराभर निघायला लागल्या. एका कॉम्प्युटरचा स्पेसबार मीच हेअरपिननं उचकटून साफ केला. शेवटची रांग भिजली की मग तिच्या पुढची. पहिल्या रांगेपाशी पोचायला घंटेची वेळ यायची.

ती पोरगी आली. गुरुवारी आली, दप्तर उचलून बाजूला ठेवलं आणि आपल्या जागेवर बसली. कुणाशी बोलली नाही. मीही तिला काही विचारलं नाही.

पुढच्या बाकांना हे सोसेना. त्यांनी सरांकडं जाऊन सांगितलं, मॅडम आमच्याकडं बघतच नाहीत. सरांनी मला बोलावलं. "मॅडम, पुढची मुलं हुशार आहेत. त्यांचं नुकसान करून कसं चालेल?"

"हुशार आहेत तर थांबतील की सर," मी म्हटलं. "इतकी वर्षं मागच्या थांबल्या, त्यांना तर कुणी हुशार पण म्हटलं नाही."

पुण्याहून मार्गदर्शकांचाही फोन आला. त्यांचं म्हणणं असं की निरीक्षण करणाऱ्यानं वर्गात ढवळाढवळ करायची नसते, अशानं संशोधन बिघडतं. मी त्यांचा मान ठेवते, त्यांनी मला खूप शिकवलंय. पण म्हटलं, "सर, टेलला रान असलेला माणूस चारीचं निरीक्षण करत बसत नाही. तो फावडं घेऊन जातो. बिघडलं तर बिघडू दे. बिघडलं असं लिहीन मी." मग ते म्हणाले, "लिहा. पण नीट लिहा."

आणि मग एक दिवस मजाच झाली. मी मागून तिसऱ्या रांगेत होते. पुढच्या बाकावरचा तो पोरगा, तोच, पहिल्यांदा हसलेला, त्याचा प्रोग्राम कुठंतरी अडकला होता. तो सारखा मागं वळून बघत होता, बोटं चाळवत होता. शेवटी त्याला राहवलं नाही आणि तो अख्ख्या लॅबला ऐकू जाईल असं ओरडला, "मॅडम, आमची पाळी कधी?"

क्षणभर कुणालाच कळलं नाही. मग त्यालाच कळलं, आणि त्याचे कान लालभडक झाले. मग जो हशा उसळला! मागच्या रांगेतल्या पोरी पोट धरून हसत होत्या, की-बोर्डवर डोकी टेकून. मी बघितलं, तीही हसत होती. अगदी डोळ्यांतून पाणी येईपर्यंत.

मी हात वर केला. "हसू नका," मी म्हटलं. "त्यानं अगदी बरोबर शब्द वापरलाय. त्याला थांबावं लागलं म्हणून त्याला तो सुचला." आणि त्याला म्हटलं, "टेल भिजली की येईल हां तुझी पाळी." तो बिचारा मान खाली घालून बसला. खरं सांगते, मला त्याची दया आली नाही. पुढं आली, पण त्या दिवशी नाही. त्या दिवशी मी जेवण अगदी चवीनं केलं.

महिनाअखेर आली. आदल्या दिवशी मी तिला फक्त एवढंच विचारलं, तयारी झाली का? म्हणाली, "झालीय." कुठला शब्द घेणार, ते विचारायचं माझ्या जिभेच्या टोकावर आलं होतं, पण मी जीभ आवरली. आयुष्यात इतकी कधी आवरली नसेल.

सर पुढं कागद घेऊन बसले होते. वर्ग भरलेला. मी माझ्या जागी, मागं. ती उठली, फळ्यापाशी गेली. खडू उचलला. मी मनात म्हटलं, टर्न म्हण बाई, म्हण आणि सुट, वर्ष वाचव, मला काही वाटणार नाही.

तिनं फळ्यावर शब्द लिहिला. मोठ्या अक्षरात, देवनागरीत. पाळी.

मग वर्गाकडं वळली. "ज्यांना हासायचंय त्यांनी आत्ता हासून घ्या," ती म्हणाली. "मग मला मधी थांबाय लावू नका."

कुणी हसलं नाही. ती खरोखरच थांबली होती, सगळ्यांना वेळ देऊन, मागल्या भिंतीपासून पुढच्या बाकापर्यंत नजर फिरवत. सरांनी कागदावरून मान वर केली. मग ती बोलायला लागली.

तिनं सगळं सांगितलं. मेंदू एक, कामं ढीगभर. प्रत्येकाची पाळी, ठरलेला वेळ, वेळ संपला की रांगेत मागं. एखाद्या कामाची पाळी कधीच आली नाही तर पुस्तकात त्याला उपासमार म्हणतात, हेही सांगितलं. "शब्द माझा न्हाय, पुस्तकातलाच हाय," असं वर म्हणाली. आणि या पद्धतीत उपासमार का होत नाही? कारण पाळी कुणाला चुकवता येत नाही. "कॉम्प्युटरमदी रातीचं वरनं कुणी दार उचलत न्हाय," ती म्हणाली, आणि मागच्या रांगेत खसखस पिकली. पुढच्या रांगेला ते कळलं नाही. तिनं त्यांना दोन वाक्यांत चारी समजावून सांगितली, हेड कुठलं, टेल कुठली, पाटकरी कोण. पहिल्या बाकावरचा तो पोरगा लिहून घेत होता. हो, वहीत, खरंच लिहून घेत होता.

माझे डोळे भरून आले होते आणि मला त्याचा रागही येत होता, कारण मला नीट दिसत नव्हतं.

सरांनी विचारलं, "म्हणजे तुझ्या मते, टर्न आणि पाळी एकच?"

"न्हाय सर," ती म्हणाली. "टर्न नुसती येती. पाळीवर हक्क आसतो."

सरांनी कागदावर काहीतरी लिहिलं. काय लिहिलं ते मी कधी विचारलं नाही. ती पास झाली, एवढं नंतर कळलं, आणि माझ्या प्रबंधातल्या त्या प्रकरणाचं नाव मी 'पाळी' असंच ठेवलंय. मार्गदर्शकांनी त्यावर पेन्सिलनं खूण केलीय. करू देत.

तिनं हातातला खडू खाली ठेवला, हात ओढणीला पुसले आणि विचारलं, "कुणाला काय इचारायचंय?"

पहिल्या बाकावरून लगेच हात वर झाले. तीन-चार. त्या पोराचा सगळ्यात आधी. तिनं त्या हातांकडं बघितलं, आणि मग त्यांच्या डोक्यावरून पार मागं, शेवटच्या रांगेकडं.

"थांबा जरा," ती म्हणाली. "मागनं सुरू करू."